गॅसखात्याचं नाक आणि सासूबाईंचा लसूण

पोटात

दूध करपलं, हे घरातल्या तिघांपैकी दोघांना कळलं.

एक बायको. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिथून धावत खाली आली. दुसरी तिची आई. त्या चार दिवस राहायला म्हणून आल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीत डुलक्या घेत होत्या. त्यांची डुलकी मोडली. तिसरा माणूस स्वयंपाकघरातच, शेगडीपासून हातभर अंतरावर, पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं.

हा तिसरा माणूस शहराच्या गॅसखात्यात गळती-निरीक्षक होता. खात्यात त्याला नाकोजी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर साहेबही मीटिंगमध्ये हेच नाव घेत. नाकोजीला त्याचं वाईट वाटत नसे. दुसऱ्यांची नावं आईबापांनी ठेवलेली असतात, आपलं आपण कमावलेलं आहे, असं त्याचं मत होतं. कुणाच्या घरी गॅसचा वास येतोय अशी तक्रार आली की नाकोजी जायचा, उंबऱ्यावर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि एकदाच, खोल, हुंगायचा. मग म्हणायचा, "मीटरच्या वरचा सांधा." तो सांधाच निघायचा. किंवा म्हणायचा, "भास आहे." दहांतल्या नऊ तक्रारी त्याच्या मते भास असत, आणि तक्रार करणाऱ्या बायका, कारण फोन बहुधा बायकाच करत, जरा ओशाळून त्याला चहा विचारत.

(गॅसला स्वतःचा वास नसतो. लोकांना गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र औषध मिसळतात. त्याचा वास नासलेलं अंडं आणि सडलेला लसूण यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. ही माहिती पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच देऊन टाकली. विसरायची नाही.)

बायकोने पातेलं उतरवलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पातेलं घासायला मोरीत घेऊन गेली. सासूबाई मात्र उठून आत आल्या. त्यांनी जावयाच्या नाकासमोर रिकामा कप धरला.

"जावईबापू, चहा कसा वाटतोय? आलं जास्त पडलंय का?"

नाकोजीने पेपरातून मान न काढता हुंगल्यासारखं केलं. "नाही, बेताचं आहे."

सासूबाईंनी कप उलटा करून दाखवला.

"कधीपासून बंद आहे?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साधी सर्दी झाली होती. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. एरवी एखाद्याने चार दिवस रजा टाकली असती. पण येत्या सोमवारी खात्यात परीक्षा होती. साहेबांनी वास ओळखणारं एक यंत्र बाहेरून मागवलं होतं, आणि सोमवारी यंत्र विरुद्ध नाकोजी असा सामना ठरला होता. यंत्र जिंकलं तर नाकोजीची बदली तळमजल्यावरच्या बिलदुरुस्तीच्या खिडकीवर. त्या खिडकीवर लोक भांडायलाच येतात, आणि तिथे नाकाचा उपयोग फक्त चष्मा टेकवायला होतो.

"मग हिला का नाही सांगितलंत?" सासूबाईंनी मोरीकडे मान वळवली.

नाकोजीने पेपराची घडी घातली. संसार सुरू झाल्यापासून बायकोच्या प्रत्येक पातेल्यावर वाकून त्याने शेरा मारला होता. तेल जरा जास्त तापलं. भाजी कालची आहे. मसाला खाली लागला. तोंडात घास जायच्या आधी निकाल लागलेला असायचा. त्याच बायकोला आता जाऊन, मला काहीच कळत नाही, असं सांगायचं?

सासूबाईंना सगळं कळलं. त्यांनी अट घातली. त्या कुणाला एक शब्द बोलणार नाहीत. बदल्यात जावयाने त्या देतील ते औषध, का आणि कशाला न विचारता, घ्यायचं.

"औषध कसलं?"

"झालं, विचारलंतच ना?" सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीतून लसणाची गच्च विणलेली वेणी बाहेर काढली. ती त्यांच्या हाताएवढी लांब होती.

पहिल्या दिवशी लसूण पोटात गेला. सकाळी उपाशीपोटी पाकळी ठेचून मधात. ठेचल्यावर लगेच खायची नाही, जरा पडू द्यायची, म्हणजे तिला जोर येतो. दुपारी दुधात उकळून. संध्याकाळी सुपात. नाकोजीला वास येत नव्हता, चव येत नव्हती; फक्त जळजळ येत होती, आणि ती मात्र खात्रीची होती.

"काय चाललंय हे?" बायकोने विचारलं.

"सांधे धरलेत," सासूबाईंनी सांगितलं.

"कुणाचे?"

"दोघांचे."


पायात

सासूबाईंचं शास्त्र असं होतं की नाकाची वाट तळपायातून जाते. कशी, ते विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. तेव्हा रोज ऑफिसला निघताना नाकोजीच्या तळपायांना ठेचलेला लसूण चोळायचा, वरून मोजे, वरून बूट.

त्याच सुमारास बायको म्हणाली, "अहो, शेगडीपाशी गॅसचा वास येतोय का बघा बरं."

नाकोजी शेगडीपाशी गेला. डोळे मिटले. हुंगलं. समोर काहीच नव्हतं. भिंतीला नाक लावावं तसं वाटलं. आणि मग त्याच्या तोंडून, सवयीने, जे शब्द नेहमी येत तेच आले.

"भास आहे."

"अहो, भास कसला?"

"घरात लसूण केवढा आहे! त्याचाच वास. दोन्ही वास जवळचे असतात, नवख्या माणसाची गल्लत होते."

"लसणाचा वेगळा," बायको म्हणाली. "हा वेगळा."

"अगं, हा माझा धंदा आहे."

तिने खिडकी उघडली. नाकोजीने ती बंद केली, कारण वारा सरळ नाकावर येत होता आणि सासूबाईंनी वारा वर्ज्य सांगितला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिने विचारलं, त्याने पुन्हा हुंगल्यासारखं केलं, तिने पुन्हा खिडकी उघडली, त्याने पुन्हा बंद केली. पुढे तो त्यांचा रोजचा शिरस्ताच झाला. इतर नवराबायको सकाळी बोलतात, ही दोघं खिडकी उघडझाप करत.

तळपायांचं मात्र वेगळंच झालं. कच्चा लसूण कातडीला मानवत नाही, हे सासूबाईंना बहुतेक माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी जावयाची कातडी जाड धरली होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांना टपोरे फोड आले. नाकोजी ऑफिसात नव्याने चालायला शिकल्यासारखा चालू लागला. शिपायाने विचारलं, "नवीन बूट का साहेब?" नाकोजी म्हणाला, "हो." मग शिपाई त्या जुन्या बुटांकडे बराच वेळ पाहत राहिला.


कानात

कोमट तेलात लसूण परतून, गाळून, दोन्ही कानांत थेंब थेंब आणि वरून कापसाचे बोळे. या प्रकाराबद्दल नाकोजीने पुढे कधीच कुणाशी चर्चा केली नाही, आणि त्याच्या भावनांचा मान राखून आपणही पुढच्या भागाकडे जाऊ.


जिन्यात

(हा भाग नाकोजीने फक्त ऐकला. तो जिन्याच्या वळणावर कठडा धरून, फोड सांभाळत उभा होता. कानांतले बोळे त्याने नुकतेच काढले होते; काढले नसते तर बरं झालं असतं. माणसं दोन: खालच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर आणि वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू.)

काकू : तुम्हाला वास येत नाही?

कंपाउंडर : मला कमी येतो. मी आयुष्य दवाखान्यात काढलं. माझं नाक केव्हाच औषधांना दिलेलं आहे.

काकू : काल एक बाई ब्लाऊज परत घेऊन आल्या. म्हणाल्या, माप बरोबर आहे, शिवण बरोबर आहे, पण हा घातला की मला गॅस सुरू राहिल्यासारखं वाटतं.

कंपाउंडर : लसणाचा असेल.

काकू : एवढा लसूण कोण खातं हो?

कंपाउंडर : खायलाच कशाला हवा? लसूण फार गुणी. खोकल्याला चाटण, पोटात वायू धरला तर तुपात तळून, टकलाला चोळला तर केस येतात.

काकू : तुम्ही चोळलात कधी?

कंपाउंडर : (जरा थांबून) नियमित नाही.

काकू : ते काही नाही. हा गॅसच आहे. आणि मजा बघा, गॅसखात्याचं एवढं मोठं नाक आपल्याच जिन्यातून रोज खालीवर करतंय.

(इथे नाकोजीला खाली उतरावं लागलं, कारण वर जायचं तर पुन्हा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.)

काकू : अहो निरीक्षक, बरे भेटलात! जिन्यात गॅसचा वास येतोय की नाही, तुम्हीच सांगा.

नाकोजी : (डोळे मिटून, हुंगून) भास आहे.

काकू : ब्लाऊजवाल्या बाईंनाही भासच झाला?

नाकोजी : सामूहिक.

कंपाउंडर : (नाकोजीच्या जवळ सरकून, मग दोन पावलं मागे होऊन) बरंय, मी निघतो.

काकूंनी त्याच दुपारी गॅसखात्यात फोन केला.


गळ्यात

लसणाच्या पाकळ्यांची माळ. शर्टाच्या आत. सुई-दोरा सासूबाईंनी शिवणवाल्या काकूंकडूनच आणला होता, हे नाकोजीला फार उशिरा कळलं.

याच दिवशी सकाळी साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. नाकोजीने वरचं बटण लावलं आणि मेजापासून जरा लांबच उभा राहिला.

"बसा ना."

"उभा बरा आहे, साहेब."

"तुमच्या बिल्डिंगमधून तक्रार आहे. गॅसचा वास."

"भास आहे, साहेब."

"असेल. पण नियम काय सांगतो? कर्मचाऱ्याच्या राहत्या घराची तपासणी त्या कर्मचाऱ्याने करायची नाही. आणि खात्यात तपासणी करणारे तर तुम्ही एकटेच." साहेबांना अडचणी आवडत, कारण त्यातून त्यांना कल्पना सुचत. "म्हणून मी असं ठरवलं की सोमवारची परीक्षा मागच्या गोदामात घ्यायची नाही. तुमच्याच घरी घ्यायची. यंत्र तपासेल, म्हणजे नियम पाळला जाईल. तुम्ही शेजारी उभे राहून तुमचं मत सांगाल, म्हणजे परीक्षाही होईल. कसं?"

"उत्तम," नाकोजी म्हणाला. छातीवरच्या पाकळ्या घामाने ओल्या झाल्या होत्या आणि हळूहळू चावू लागल्या होत्या.

साहेबांनी नाक जरा वर केलं. "इथे कसला वास येतोय हो?"

नाकोजीने या प्रश्नाला आजवर हजार वेळा उत्तर दिलं होतं. त्याने डोळे मिटले.

"खालच्या कँटीनमधून," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने सासूबाईंना गाठलं. प्रकरण आता हाताबाहेर चाललं होतं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उपाय सांगितला. परीक्षेच्या वेळी त्या जवळच बसतील. गॅसचा वास खरंच आला तर खोकतील. लसणाचा आला तर पदर सारखा करतील.

"तुम्हाला दोन्ही वासांतला फरक कळेल?"

"न कळायला काय झालं?"

नाकोजीने खात्री करायला ठेचलेल्या लसणाची वाटी त्यांच्या पाठीमागे धरली. सासूबाई निवांत बसून राहिल्या. वाटी खांद्यापाशी आणली. मग गालापाशी. सासूबाईंनी पदर सारखा केला नाही, खोकल्या नाहीत, काही नाही. आयुष्यभर लसूण खाल्लेल्या माणसाला लसणाचा वास म्हणजे नुसती हवा असते.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्या घरात आता चालू स्थितीतलं एकच नाक उरलं होतं, आणि ते पलीकडच्या खोलीत म्हणत होतं, "आई, तुला तरी येतोय का गं शेगडीपाशी वास?"

"भास आहे, बाळ," सासूबाई म्हणाल्या.


घरात

सोमवारी साहेब आले, सोबत यंत्र चालवणाऱ्या इंजिनियरबाई आल्या. शिवणवाल्या काकू तक्रारदार म्हणून आल्या. कंपाउंडर कुणी बोलावलं नसताना आले, आणि दाराशी उभे राहून म्हणाले की ते फक्त वैद्यकीय मदत लागली तर आहेत.

यंत्र दिसायला फोनच्या रिसीव्हरसारखं होतं, पुढे एक सोंड. गॅसमधल्या उग्र औषधाचा वास आला की दिवा लागायचा आणि पीं पीं व्हायचं. इंजिनियरबाईंनी ते चालू केलं आणि सोंड घरात घातली.

पीं पीं पीं.

सगळे थबकले. सोंड बुटांच्या फळीकडे वळली होती.

आता इथे नाकोजीच्या मनात काय चाललं असेल ते सांगायला हवं. त्याला वास येत नव्हता. पण त्या फळीवर, त्याच्या बुटांत, काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि म्हणाला, "गॅस नाही. लसूण. डावा बूट जास्त."

इंजिनियरबाईंनी दोन बोटांनी बूट उचलला. आत लसूण होता. डाव्यात जास्त.

साहेबांच्या भुवया वर गेल्या.

पुढच्या खोलीत यंत्र उशीपाशी ओरडलं. "लसूण," नाकोजी म्हणाला, "ठेचलेला. फडक्यात बांधलेला." उशीखालून पुरचुंडी निघाली. यंत्र कपाटापाशी ओरडलं. "लसूण. तेलातला." बाटली निघाली. यंत्र सासूबाईंपाशी ओरडलं तेव्हा सासूबाईंनीच "लसूण!" असं जाहीर केलं, आणि शेवटी यंत्र नाकोजीपाशी येऊन एवढं ओरडू लागलं की त्याने स्वतःच वरची दोन बटणं काढून माळ दाखवली.

"अरे वा! शोभून दिसतेय," काकू म्हणाल्या. मग जरा वाकून, "दोरा आमचाच की हो हा!"

साहेब मात्र भारावून गेले होते. "बघितलंत?" ते इंजिनियरबाईंना म्हणाले. "यंत्र नुसतं बोंबलतं. त्याला लसूण आणि गॅस यांतला फरक कळत नाही. माणसाला कळतो. याला म्हणतात अनुभव."

इंजिनियरबाई रडकुंडीला आल्या. "सर, एवढ्या लसणात कुठलंही यंत्र..."

"पण नाक चाललं ना?"

नाकोजीला आपलं डोकं छताला लागेल असं वाटलं. त्या काही क्षणांत फोड दुखत नव्हते, छातीची आग होत नव्हती. बिलदुरुस्तीची खिडकी दूर दूर गेली होती. तसाच तो सगळ्यांच्या पुढे स्वयंपाकघरात शिरला आणि शेगडीच्या मागे, जिथे भिंतीतून गॅसची नळी बाहेर येते, तिथे यंत्र ओरडलं.

"लसूण," नाकोजी म्हणाला. त्याने या वेळी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

"काढून दाखवा," साहेब हौसेने म्हणाले. त्यांना आता हा खेळ आवडू लागला होता.

नाकोजीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी नाकोजीकडे पाहिलं. घरातल्या लसणाचा नकाशा त्या दोघांच्याच डोक्यात होता, आणि त्या नकाशात शेगडीच्या मागे काहीही नव्हतं.

सासूबाई खोकल्या.


साबणात

"तिथे लसूण नाही," बायको म्हणाली.

इतका वेळ ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आता ती पुढे आली, खिडकी सताड उघडली, भांडी घासायचा साबण एका वाटीत पाण्यात फेटला, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने तो फेस नळीच्या सांध्यावर लावला. हे तिने कुणाला विचारून केलं नाही. लग्नाआधी नाकोजीने तिला एकदा मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं, की नाक नसलेली सामान्य माणसं गळती अशी शोधतात.

सगळे वाकून पाहू लागले. आधी काही झालं नाही. मग सांध्याच्या खालच्या कडेला एक बुडबुडा आला. तो मोठा झाला, फुटला. त्याच्या जागी दुसरा आला. मग तिसरा. लहान मूल झोपेत तोंडातून काढतं तसे, अगदी निवांत.

तेवढ्यात नाकोजीचा हात मुख्य कॉककडे गेला आणि त्याने तो फिरवून बंद केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्र अजून ओरडतच होतं, साहेब अजून वाकलेलेच होते, आणि हा माणूस फोडांवर पूर्ण भार देऊन उभा होता, हात कॉकवर, जणू तो सोडला तर पुन्हा उघडेल. बायकोने त्याच्या हाताकडे पाहिलं.

बुडबुडे थांबले.

"वहिनी," साहेब सरळ होत म्हणाले, "तुम्हाला हा वास कधीपासून येतोय?"

"झाला की आठवडा."

"आठवडा! मग तक्रार नाही केलीत?"

"केली ना," बायको म्हणाली. "यांच्याकडे. रोज."

कंपाउंडरांनी छताकडे पाहिलं. काकूंनी मात्र नाकोजीकडेच पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला," साहेब शब्द जुळवत म्हणाले, "वास... येतो ना?"

नाकोजीने तोंड उघडलं. वासाच्या प्रश्नाला त्याच्याकडे 'भास आहे' हे एकच ठरलेलं उत्तर होतं, आणि या आठवड्यात पहिल्यांदाच ते खरं ठरलं असतं. पण त्याला ते म्हणवेना. त्याने बायकोकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

"सर्दीने गेलाय, साहेब. आणि हिला सांगायची लाज वाटली."

"नाक बंद आहे हो," सासूबाईंनी मदत केली, "पण लसूण चालू आहे!"


फोनवर

यंत्र परत गेलं, कारण ज्या यंत्राला उशीपाशी गॅस आणि शेगडीपाशीही तसाच गॅस दिसतो ते विकत कशाला घ्यायचं, असं साहेब म्हणाले. नाकोजीही निरीक्षक राहिला नाही. पण तो बिलदुरुस्तीच्या खिडकीवरही गेला नाही. साहेबांना पुन्हा एक कल्पना सुचली होती. खात्यातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी साबणाची एक बाटली आणि एक ब्रश दिला, आणि नाकोजीला तक्रारींच्या फोनवर बसवलं. "तुम्हाला," ते म्हणाले, "आता ऐकायची सवय लागायला हवी."

सासूबाई आपल्या घरी गेल्या. जाताना अर्धी वेणी ठेवून गेल्या. वास कधीतरी आपला आपण परत आला. लसणाने आला असं सासूबाई फोनवर सांगत, दिवस गेले म्हणून आला असं कंपाउंडर म्हणत; नाकोजीने कुणाचाच पक्ष घेतला नाही. वास परत आल्याचं त्याला घरात शिरताना कळलं. सगळं घर लसणाने दरवळत होतं, आणि त्याने पहिल्यांदाच त्यावर शेरा न मारता चपला काढल्या. बायकोला मात्र त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "हो का? बरं." आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

तक्रारींच्या टेबलावर पहिल्या दिवशी फोन वाजला तेव्हा नाकोजीने घसा साफ केला.

"गॅसखातं, तक्रार विभाग."

"हॅलो, मी घरून बोलतेय," बाईचा आवाज आला.

"आधी खिडक्या उघडा, बाई," नाकोजी म्हणाला. "सगळ्या. दिव्याच्या बटणांना हात लावू नका. मीटरपाशी कॉक आहे, तो आडवा करा. पत्ता मग सांगा, मी लगेच माणूस पाठवतो."

"अहो, मी आहे."

"ते नंतर. खिडकी उघडलीत का?"

पलीकडे कडी सरकल्याचा आवाज आला, आणि त्यामागून रस्त्यावरची वर्दळ फोनमध्ये शिरली.

"उघडली," बायको म्हणाली.

"शेगडी?"

"अजून पेटवलीच नाही. सुपात लसूण घालू की नको, एवढंच विचारायला फोन केला होता."

नाकोजीने पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी वर पाहिलं, म्हणून त्याने आवाज थोडा खाली आणला.

"घाल की," तो म्हणाला. "तुला वाटेल तेवढा."

"आणि खिडकी?"

"राहू दे उघडी."